इथंच राहायचं म्हणतात

१४ नोव्हेंबर

विहीणबाई आल्या. मी दारात वाकून नमस्कार केला आणि नेमक्या त्याच वेळी त्या मिठी मारायला पुढे झाल्या, त्यामुळे माझं डोकं त्यांच्या छातीवर आपटलं. बोरामचे बाबा मागे उभे होते. हसले नाहीत, पण आत जाऊन बराच वेळ खोकत बसले.

नाव पॉलीन. हाडापेरानं मोठ्या, केस पांढरे, आखूड कापलेले. नवरा गेल्याला अजून वर्ष व्हायचंय. खरं तर त्या कोजे बेटावर आमच्या लेकीच्या, बोरामच्या घरी उतरणार होत्या, पण बोरामला परवा इस्पितळात ठेवून घेतलं. सातवा सरत आलाय आणि रक्तदाब वाढलाय, पलंगावरून उतरायचं नाही असं डॉक्टरनं बजावलंय. आमचा जावई ओवेन गोदीत जहाजं तपासतो. त्याचं जहाज उद्या चाचणीसाठी समुद्रात निघतंय.

"आई, तुमच्याकडे ठेवतो हिला. चालेल ना?" तो म्हणाला. आमची भाषा तो गोदीत शिकलाय, त्यामुळे सासूशीही मुकादमाशी बोलावं तसा बोलतो.

मी म्हटलं, चालेल. न चालून सांगते कुणाला. घरात इंग्रजी येणारं माणूस मी एकटी. दोन वर्षं वॉर्ड ऑफिसच्या वर्गाला जातेय. प्यो बाईंनी रोज काहीतरी लिहायला सांगितलंय. इंग्रजीत लिहा म्हणाल्या होत्या, पण इंग्रजीत मनातलं लिहायला बसले तर बाळ शाळेत जायला लागेल.

१६ नोव्हेंबर

सुकटीचं दुकान लवकर बंद करून वर्गाला गेले. आज ‘दॅट’ होतं.

प्यो बाई म्हणाल्या, "आपण म्हणतो, ‘येणार म्हणे.’ कोण येणार? ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून आपण माणूस गाळतो. इंग्रजीत तसं भागत नाही. आधी कोण म्हणालं ते, मग दॅट, आणि दॅट झालं की लगेच माणूस ठेवायचा. मी, तू, तो, ती. माणूस ठेवल्याशिवाय पुढं जायचं नाही."

माझ्या शेजारी माक-रे बसते. शिंपले सोलायच्या शेडवर सगळ्या बातम्या तिच्याकडून निघतात. ती म्हणाली, "बाई, कुणाचं नाव घ्यायचं नसतं म्हणून तर आम्ही ‘म्हणे’ म्हणतो. माणूस ठेवला तर शेडवर मारामाऱ्या होतील."

बाईंनी पुढचं सांगितलं. समजा, मुलगी फोनवर म्हणाली, मी उद्या इथं जेवीन. ते आपण नंतर दुसऱ्याला सांगायला गेलो की ‘मी’ची ‘ती’ होते, ‘इथं’चं ‘तिथं’ होतं आणि ‘उद्या’चं ‘दुसऱ्या दिवशी’.

"म्हणजे जेवण तेवढं शाबूत राहिलं," माक-रे म्हणाली.

१९ नोव्हेंबर

तीन दिवस कान देऊन ऐकतेय. विहीणबाईंच्या बोलण्यात दॅट नाहीच. "आय थिंक इट्स लव्हली," म्हणतात. मधला दॅट कुठे गेला? शेवटी विचारलं. पुस्तकातलं पान दाखवून बोट ठेवलं. त्या हसल्या, म्हणाल्या की बोलताना कुणी घेत नाही. मग माझ्याकडे बघून थांबल्या आणि सावकाश म्हणाल्या, "आय थिंक... दॅट... द सूप इज लव्हली."

तेव्हापासून प्रत्येक वाक्यात घालतात. थोडं कच्चं होतं त्यांचं, पण सांगितलं की सुधारतात.

आज सकाळी म्हणाल्या, "आय होप दॅट आयम नॉट इन द वे." मला सगळे शब्द येत होते. वे म्हणजे वाट. मी वाटेवर नाही, म्हणजे घरात कोंडलेय, बाहेर जायचंय. मी लगेच "येस, येस, वे" म्हटलं, त्यांच्या अंगावर कोट चढवला आणि धक्क्यावर फिरवून आणलं. वारा असा होता की बोलायची सोय नव्हती. त्यांचं नाक लाल झालं.

२५ नोव्हेंबर

विहीणबाईंना चालायची भारी हौस. रोज सकाळी वाटेचं विचारतात आणि मी रोज येस म्हणून नेते. गुडघे माझे दुखायला लागलेत, पण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं.

बोरामच्या बाबांना मात्र पाहुण्यांचा जाच होतोय असं दिसतं. आधीच माणूस कमी बोलणारा. आयुष्य बेटांच्या लाँचवर काढलेलं, त्यामुळे घरातही लाँचवरचंच बोलणं. बसायचं. पाय आत घ्यायचे. घाई करायची नाही. परवा ते बाजारातून पाव घेऊन आले. आमच्या घरात पाव कोण खातं? विचारलं तर म्हणाले, "भात ताटात टाकून देते. नासाडी बघवत नाही." आज तर लाँचचा जुना बाक आणून कापला, त्याची खुर्ची केली, बसायला उशी ठोकली आणि खिडकीपाशी ठेवली.

"कशाला एवढा खटाटोप?" मी म्हटलं.

"जमिनीवरून उठताना कण्हते. माझ्या बातम्या ऐकू येत नाहीत."

उगाच चिडचिड करतात. इतकं होऊनही बाई बिचारी खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघून हसते.

२ डिसेंबर

हिवाळ्याची किमची मुरत घालायचा दिवस. कोबी कालच मिठात घातला होता. माक-रे आणि तिची जाऊ आल्या. विहीणबाईंनी कोपरापर्यंत रबरी हातमोजे घातले आणि आमच्यात येऊन बसल्या. खुर्ची नाही, जमिनीवर. माक-रेनं पानात मसाला भरून त्यांच्या तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्या "अगेन" म्हणाल्या. माक-रे म्हणाली, "ही आपल्यातलीच आहे. हिला मसाला लागला नाही, मसाल्याला ही लागली."

काम करता करता त्या नवऱ्याबद्दल बोलल्या. तो घरामागच्या वाफ्यात कोबी लावायचा. मग एक लांब वाक्य म्हणाल्या आणि दॅट इतके स्पष्ट म्हणाल्या की मला सगळं समजलं. तो नेहमी म्हणायचा की तो आधी जाईल आणि ती ठीक राहील. तो, ती, सगळी माणसं जागच्या जागी. मला इतका आनंद झाला की वाक्याचा अर्थ मागाहून पोचला.

मी विचारलं, "यू फाइन?"

त्या कोबीकडे बघत म्हणाल्या, "हिअर, येस."

मी विचारलं कशा आहात, त्यांनी सांगितलं कुठे आहेत. इंग्रजीत असं चालत असेल.

९ डिसेंबर

ओवेनचं जहाज परत आलंय. बातमीही आली. त्याचं इथलं काम वसंतात संपतं, मग तो इंग्लंडला. मागोमाग बोराम आणि बाळही अर्थात. हे कधीतरी होणार हे ठाऊक होतं, तरी दुपारभर दुकानात मी एकाच गिऱ्हाइकाला दोनदा सुटे पैसे दिले.

रात्रीच्या जेवणाला आम्ही तिघंच. ओवेन इस्पितळात. विहीणबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरात त्यांच्या परतीच्या तिकिटाची तारीख दाखवली. जानेवारीचा शेवट. बोरामच्या बाबांनी टीव्हीवरून नजर न काढता म्हटलं, "इथंच राहायचं. एवढ्यात तिकडे जायचं कशाला."

"व्हॉट डिड ही से?" विहीणबाईंनी विचारलं.

मी भाताचा चमचा खाली ठेवला आणि नीट विचार केला. आधी कोण म्हणालं ते. मग दॅट. मग माणूस. माणूस कोण? आज दिवसभर घरात एकच विषय होता, त्यामुळे माणूस शोधावा लागला नाही. मी म्हणाले, "ही सेज दॅट बोराम विल स्टे हिअर. नॉट गो."

एकही चूक नाही. प्यो बाई असत्या तर वर्गात उभं करून म्हणायला लावलं असतं.

विहीणबाई म्हणाल्या, "आय सी." मग भांडी घासली आणि खोलीत गेल्या. रोज भांडी घासताना गुणगुणतात, आज नाही.

बोरामचे बाबा असं काही म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. मुलीला ठेवून घ्यायचं म्हणजे काय? पण मनात कुठेतरी बरंही वाटलं, ते इथं लिहून ठेवते.

११ डिसेंबर

काल लिहायला जमलं नाही. सगळं आज लिहिते.

काल सकाळी इस्पितळात गेले तर बोरामचा चेहरा सुजलेला, डोळे रडून लाल. दंडावर रक्तदाबाचा पट्टा बांधलेला.

"आई, बाबा म्हणाले म्हणे, मला आणि बाळाला तिकडे पाठवायचं नाही?"

"कुणी सांगितलं?"

"ओवेनच्या आईनं त्याला सांगितलं. तो मला विचारतोय, तुला यायचं नाही का, तुझ्या घरी असं ठरलंय का. माझ्या घरी काय ठरलंय ते मलाच माहीत नाही. आणि त्यांनी तिकीट अलीकडे आणलंय. या शनिवारी निघताहेत. म्हणाल्या, आपली गर्दी नको."

नर्सनं मला बाहेर काढलं. डॉक्टर म्हणाले, आकडा असाच चढा राहिला तर वाट बघता येणार नाही, बाळाला आताच काढावं लागेल. अजून आठवा पुरा नाही.

बसमधून घरी येईपर्यंत मी नवऱ्याला काय काय बोलायचं ते ठरवलं. ते धक्क्यावर बसून दोरखंडाची गाठ सोडवत होते.

"अहो, काल जेवताना काय म्हणालात तुम्ही?"

"काय म्हणालो?"

"इथंच राहायचं म्हणालात."

"मग?"

"कुणी?"

भर समुद्रात इंजिन बंद पडल्यासारखे ते माझ्याकडे बघायला लागले. "कुणी म्हणजे?"

"कुणी राहायचं? इंग्रजीत माणूस लागतो. मी बोराम ठेवली."

"बोराम? तिचा नवरा तिकडे जाणार, मूल तिकडे जाणार, ती इथं बसून काय करणार? माझी मुलगी म्हणजे काय लाँचवर विसरलेली छत्री आहे, ठेवून घ्यायला?"

"मग कोण?"

ते पुन्हा गाठीकडे वळले. "ती."

"ती कोण?"

"अगं, ती. खुर्चीतली." गाठीचा एक पदर ओढून काढला. मग म्हणाले, "तिकडे घरात कोण आहे तिचं? जानेवारीत एकटीनं जाऊन बंद घराचं कुलूप काढायचं. त्यापेक्षा बोराम आणि बाळ निघतील तेव्हा त्यांच्याबरोबर जायचं. तोवर इथं राहायचं. यात न समजण्यासारखं काय होतं?"

तोंडात आलेलं सगळं आता माझ्यासाठीच लागणार होतं.

वर्ग सुरू व्हायच्या आधी प्यो बाईंना जिन्यात गाठलं. वाक्य दुरुस्त करून मागितलं. त्या म्हणाल्या, "तुमचं व्याकरण बरोबर होतं. माणूस चुकला. गाळलेला माणूस अंदाजानं भरायचा नसतो, विचारायचा असतो." मग मी म्हटलं, विहीणबाई आधीही एक वाक्य रोज म्हणायच्या, आणि वाटेचं वाक्य म्हणून दाखवलं. बाई हसल्या, मग एकदम थांबल्या.

"त्या विचारत होत्या, माझी तुम्हाला अडचण तर होत नाही ना? तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"येस."

"रोज?"

"रोज. आणि कोट चढवून बाहेर काढलं."

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. मीही बसले.

घरी आले तेव्हा पॉलीनची बॅग उघडी होती. लोकरीचे मोजे जोडीजोडीनं ठेवत होती. मी दारात उभी राहिले. काहीही पाठ केलेलं आठवेना. म्हटलं, "सॉरी. ही सेड दॅट यू. नॉट बोराम. यू. यू विल स्टे हिअर. बोराम गो, बेबी गो, देन यू गो, टुगेदर."

ती उभीच. मी पुढं म्हटलं, "यू आर नॉट इन द वे. आय थॉट वे इज रोड. सो, एव्हरी डे, रोड."

मग ती बॅगेच्या झाकणावर बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तोंडावर मोजे धरून रडली. मला म्हणाली, तिला वाटायचं मी तिला रोज सकाळी घराबाहेर काढतेय, आणि वर मी स्वतः सोबतही येतेय, याचा अर्थ काय लावायचा. गुडघे तिचेही दुखत होते.

मग तिनं बाहेर धक्क्याच्या दिशेला बोट केलं. "ही सेड दॅट? हिम?"

"येस. हिम."

"अँड यू? व्हॉट डू यू से?"

हा प्रश्न कुठल्याच धड्यात नव्हता. मी आतापर्यंत तिला फक्त दुसऱ्यांचं बोलणं सांगत आले होते. मला एवढंच सुचलं, पुस्तकाच्या पहिल्या पानावरचं वाक्य, जे मी दोन वर्षं वर्गाबरोबर मोठ्यानं म्हणतेय आणि कुणाला उद्देशून कधीच म्हटलेलं नाही. "आय ॲम हॅपी दॅट यू आर हिअर."

तिनं उठून मिठी मारली. या वेळी मी वाकले नाही.

आज सकाळी आम्ही दोघी आणि बोरामचे बाबा, तिघं इस्पितळात गेलो. ओवेन होताच. बाबांनी पलंगाच्या पायाशी उभं राहून सांगितलं, "बोरामनं जायचं. बाळानं जायचं. ओवेननं आधी जायचं. पॉलीनबाईंनी तुमच्याबरोबर जायचं." सगळी माणसं नावानिशी. इतकं लांब ते लग्नातही बोलले नव्हते. बोराम म्हणाली, "बाबा, प्रवाशांची यादी वाचताय का?" आणि हसली. हसताना पट्टा दंडावर कुरकुरला.

१५ डिसेंबर

आकडा उतरतोय. डॉक्टर म्हणतात, अजून थोडं थांबता येईल. पॉलीननं शनिवारचं विमान सोडलं. आता ती सकाळी माझ्याबरोबर दुकानात येते. सुकट निवडते, डोकी वेगळी काढते. गिऱ्हाईक आलं की "स्वस्त आहे" एवढं आपल्या भाषेत म्हणते. महाग मालालाही म्हणते.

फिरणं बंद. दोघींनाही सुटल्यासारखं झालंय.

२८ डिसेंबर

बोरामचे बाबा खिडकीपाशी दुसरी खुर्ची करताहेत. म्हणाले, बाकाचं लाकूड उरलं होतं. उरलं बिरलं काही नव्हतं, मी स्वतः त्यांना नवी फळी आणताना पाहिलं. कुणासाठी ते मी या वेळी विचारलं. "तुझ्यासाठी," म्हणाले. "खाली बसून वर बघून बोलतेस तिच्याशी. मान आखडेल." मला जमिनीवरच बरं वाटतं, पण बसून पाहिलं. समुद्र खुर्चीतून जास्त दिसतो.

९ जानेवारी

पहाटे फोन आला. आम्ही पोचेपर्यंत मुलगी झाली होती. थोडी लवकर, पण रडणं पुऱ्या दिवसांचं. बोराम झोपली होती, चेहऱ्यावरची सूज ओसरलेली. ओवेन काचेला नाक लावून उभा होता आणि आमच्याशी कोणत्या भाषेत बोलावं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

पॉलीननं इंग्लंडला बहिणीला फोन लावला. तिकडे लोक झोपायच्या तयारीत असतील. तिचा एक हात फोनवर आणि दुसऱ्या हातानं तिनं माझ्या कोटाची बाही धरली होती, पडू नये म्हणून धरतात तशी. पहिलं वाक्य म्हणाली, "वुई हॅव अ गर्ल."

बोरामच्या बाबांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "काय म्हणतेय?"

वाक्य सोपं होतं, पण मी अडले. इंग्रजीत वुई एकच आहे. आपल्याकडे दोन आहेत. एकात ऐकणारा बाहेर राहतो, आम्हाला मुलगी झाली. एकात तो आत येतो. ती बहिणीशी बोलत होती, आपल्या घराबद्दल, आपल्या मुलाबद्दल. प्यो बाई म्हणतात, अंदाजानं भरायचं नाही, विचारायचं. पण ती बोलत होती आणि मध्येच थांबवणं बरं दिसलं नसतं. मी माझ्या बाहीकडे पाहिलं.

"आपल्याला मुलगी झाली म्हणते," मी सांगितलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि टोपी काढून हातात घेतली. "वजनही सांगायचं म्हणावं."